राखणदाराची हाडं

"त्या पुड्या तुलाच लखलाभ! मी नुसत्या उन्हावर बरा होऊन दाखवतो. महिन्याभरात!"

कमलाकर चौबळांनी ही घोषणा केली तेव्हा ते सोफ्यावर आडवे होते आणि स्वतःचा डावा पाय उचलून खाली ठेवायला त्यांना दोन्ही हात लागत होते. पण घोषणा करायला पाय लागत नाहीत! न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात तीस वर्षं कागदपत्रं तपासणारा हा माणूस. सकाळी उजाडायच्या आत कंपनीच्या बसमध्ये पडदा ओढून बसायचं, दिवसभर एसीत ट्यूबलाइटखाली कागद चाळायचे आणि दिवेलागणीला पनवेलला घरी यायचं. तीस वर्षांत चौबळांनी सूर्य पाहिला तो बहुतेक कॅलेंडरवरच.

त्याचा हिशोब शेवटी शरीरानं मांडला. मांडी दुखायला लागली, जिना चढवेना. डॉ. रंजिता घरत यांनी रक्त तपासून घेतलं, एक्स-रे काढून घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"चौबळ, ड जीवनसत्त्व निदान तीस असावं. तुमचं पाच आहे."

"पुढचं शून्य छापायचं राहिलं असेल. आमच्याकडे असल्या चुका रोज सापडतात."

"चूक नाहीये. ही रेघ बघा." त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. मांडीच्या हाडावर केसाएवढी बारीक रेघ होती. "हाड मऊ पडलंय, चीर जायच्या बेतात आहे. आता पडायचं नाही, धावायचं नाही, दचकून उडीसुद्धा मारायची नाही. पडलात की मोडलं, आणि मोडलं की आत सळई!"

चौबळांचे एक चुलते असेच न्हाणीघरात घसरले होते आणि पुढची चार वर्षं खिडकीतून रस्ता बघत बसले होते. ती खिडकी चौबळांना लख्ख आठवली.

डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, हातात काठी दिली आणि तीन महिने घरी बसवलं. "शिवाय अकरा ते एकच्या मध्ये वीस-पंचवीस मिनिटं ऊन घ्या. हात-पाय उघडे ठेवून. काचेतून आलेलं चालत नाही. पण ऊन जोडीला हं! मुख्य औषध पुडी."

चौबळांनी यातलं ऊन तेवढं ऐकलं. जी वस्तू रोज डोक्यावर उगवते ती पुडीत बांधून घ्यायची म्हणजे त्यांना स्वतःच्या बुद्धीचा अपमान वाटला. प्रमिलाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्या परीनं दुसरा उपाय काढला: नवऱ्याच्या हाडासाठी त्या मार्गशीर्षाचे नुसते गुरुवार नव्हे, तर अख्खा महिना पाळणार होत्या.

"म्हणजे मासे?" चौबळांनी दबक्या आवाजात विचारलं.

"घरात शिरणार नाहीत."

चौबळांच्या घरात महिनाभर मासे नाहीत! हाडाच्या रेघेपेक्षा हा घाव खोल होता.

चौबळ राहत होते ती सात मजली इमारत पनवेलच्या टोकाला, एका जुन्या गावाला अगदी खेटून उभी होती. सातव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. वर बारा पायऱ्या चढल्या की गच्ची. पहिल्या दिवशी प्रमिलाबाईंनी त्यांच्या हातापायांना तिळाचं तेल चोळलं, पांढरी बनियन आणि पांढरी हाफपँट घालायला दिली आणि कपाळावरचे वांगाचे डाग वाढू नयेत म्हणून अख्ख्या डोक्याला, तोंडाला पांढरा पंचा गुंडाळला. वरून काळा गॉगल चढवला.

"श्वास येतोय ना?"

"हूं," पंच्याच्या आतून आवाज आला.

बारा पायऱ्या चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. पाण्याच्या टाक्या, सोलरच्या काळ्या काचा आणि मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची. भर दुपारची गच्ची ही चीज ज्यांनी अनुभवली नसेल त्यांना सांगून कळायची नाही! उजेड इतका की नजर ठरत नाही, आणि शांतता इतकी की टाकीतल्या पाण्याचा थेंब पडलेला ऐकू येतो. खाडीकडची पांढुरकी जमीन थरथरत असते आणि सगळं स्वच्छ दिसत असताना उगाचच वाटतं की आपल्या मागे कोणीतरी आहे.

चौबळांनी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. डॉक्टरांच्या हुकुमाप्रमाणे ते कठड्याच्या कडेनं एकेक पाऊल घसटत, काठी टेकत, अत्यंत सावकाश चालले. मग दोन्ही हात हळूच वर करून उन्हात धरले. समोरच्या गावातल्या पाच मजली घराच्या गच्चीवर एक म्हातारी सुकट वाळत घालत होती. तिनं मान वर केली आणि सूप टाकून ती आत पळाली.

'बायामाणसांना परपुरुषाच्या हाफपँटीचा संकोच वाटायचाच,' चौबळ मनाशी म्हणाले आणि खुर्चीत बसले.

चौथ्या दिवशी डुलकी लागली. जाग आली तेव्हा समोर, तीन हातांवर, पानाची पत्रावळ होती. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, उकडलेलं अंडं आणि अर्धं लिंबू. भाकरीतून अजून वाफ निघत होती!

चौबळांनी गच्चीभर नजर फिरवली. दार लोटलेलं. कोणी नाही. अंगावर एक बारीक शहारा येऊन गेला, पण तेवढ्यात बोंबलाचा वास पंचा भेदून आत शिरला आणि चौबळांचं डोकं तल्लखपणे चालायला लागलं. प्रमिला! दुसरं कोण? मार्गशीर्ष पाळायचा म्हणून स्वतःच्या चुलीवर मासे करायचे नाहीत, पण नवऱ्याच्या हाडांना मिळावेत म्हणून गावातल्या कोणा बाईकडून करून घ्यायचे आणि गुपचूप वर पाठवायचे. बोलून दाखवलं तर व्रत मोडतं. तीस वर्षांच्या संसारात असली मायेची चोरी न बोलता कळते! चौबळांचे डोळे पाणावले. त्यांनी पंचा हनुवटीवरून वर सरकवला आणि पत्रावळ चाटूनपुसून साफ केली.

खाली आल्यावर प्रमिलाबाईंनी विचारलं, "मिळालं का नीट?"

"मिळालं. चांगलं गरम!"

"या वेळेला गरमच असतं. रोज मिळायला हवं बघा."

"तू म्हणतेस तर रोज," चौबळ गहिवरून म्हणाले.

आणि खरोखर रोज मिळायला लागलं! कोलंबी आली, कुर्ल्या आल्या, एकदा तर अख्खं पापलेट आलं. कोण ठेवून जातं ते कधीच दिसायचं नाही. डोळे मिटले की पावलं नाहीत, चाहूल नाही, आणि उघडले की पत्रावळ हजर. हळूहळू पत्रावळीची ऐट वाढली. लिंबाला कुंकू लागलं, शेजारी नारळ आला. 'हिची हौस दांडगी,' चौबळ म्हणाले. उदबत्ती आली. 'माशांचा वास खाली जायला नको म्हणून! केवढा विचार करते ही बाई!'

फक्त एक गोष्ट त्यांना खटकायची. बाराच्या सुमाराला ते गच्चीवर आले की समोरचं गाव गप्प व्हायचं. कुकरच्या शिट्ट्या थांबायच्या. एकापाठोपाठ एक खिडक्या लागायच्या. पोरांना दंडाला धरून आत ओढलं जायचं. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा गच्चीकडे बघून शेपूट पायात घालायचं. भर उन्हात एवढं मोठं गाव श्वास रोखून बसायचं, आणि का ते चौबळांना कळायचं नाही.

ते एका संध्याकाळी कळलं. लिफ्टमध्ये काशीराम भेटला. काशीराम हा त्याच गावातला, सोसायटीचा पंप सांभाळायचा. सुकट वाळवणारी म्हातारी कृष्णाबाई ही त्याची आई.

"चौबळसाहेब, तुमी वरच्या मजल्यावर ऱ्हाता म्हणून सांगतो," तो कानाशी येऊन म्हणाला, "दुपारचं गच्चीवर जाऊ नका. राखणदार उठलाय."

"कोण उठलाय?"

"गावच्या शिवेचा राखणदार! ही बिल्डिंग बांधली ना, तिथं चिंचेखाली त्याचा दगड व्हता. बांधकामात दगड गेला, वर्साची राखन, कोंबडा-नारळाचा मान, ती पन बंद झाली. आता तो गच्चीवर येऊन उभा ऱ्हातो. ठीक बारा वाजता. अख्ख्या गावानं बघितलाय!"

लिफ्ट थंड होती, तरी चौबळांना घाम फुटला. "कसा... दिसतो?"

"तोंड नाय साहेब. नुसता पांढरा गोळा. डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. अंग तेलासारखं चमकतं. चालतो तं पाय उचलीत नाय, नुसता सरकतो. हातात दंडा. न् मधीच दोनी हात असे वर करतो!"

"अरे बाप रे!" चौबळ म्हणाले.

मंडळी, तुमच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. काशीरामनं आणखी फक्त नाव सांगायचं बाकी ठेवलं होतं! पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका शोधणाऱ्या माणसाला स्वतःचा फोटो समोर धरला तरी ओळखू येत नाही. चौबळांच्या डोक्यात एकच विचार घोंगावायला लागला: रोज बारा वाजता मी ज्या गच्चीवर एकटा असतो, तिथे आणखी एक जण असतो.

रात्र तळमळण्यात गेली. जावं तर राखणदार. न जावं तर ऊन नाही, ऊन नाही तर हाड नाही, आणि हाड नाही तर ती खिडकी. शेवटी खिडकी जास्त भयंकर ठरली. दुसऱ्या दिवशी ते वर गेले, मात्र पंचा जरा जास्त घट्ट आवळून. आपण त्याला दिसू नये म्हणून!

आता गच्चीचं रूपच पालटलं. टाकीमागे काय आहे? दार आपोआप का करकरलं? ते खुर्ची भिंतीला लावून बसले आणि गॉगलमागून भिरभिर बघत राहिले. बारा वाजले. गावातल्या खिडक्या लागल्या. 'म्हणजे आला!' गावाला तो दिसतोय आणि मला दिसत नाही! कुठे उभा आहे? माझ्या मागे? मागे तर भिंत होती. पळत सुटावं असं प्रत्येक स्नायू ओरडत होता, आणि पळायचं तर नव्हतंच. घाबरायचं, पण सावकाश! त्यांनी डोळे गच्च मिटून मनातल्या मनात भीमरूपी म्हटली. चौथ्या ओळीला डोळे उघडले तर समोर पत्रावळ. तिच्यावर सुरमईच्या तुकड्या, आणि शेजारी देशी दारूची क्वार्टर, विड्यांचं बंडल आणि कोंबड्याची तीन ताजी पिसं!

चौबळ सुरमईकडे बघत राहिले. प्रमिला प्रेमळ आहे, पण विड्या?

त्या दिवशी पत्रावळ तशीच ठेवून (बरं, एक तुकडी सोडून) ते खाली आले. "अगं, तू वर मासे पाठवतेस ना?"

"मी? मासे? मार्गशीर्षात?" प्रमिलाबाईंच्या हातातली पोळी तव्यावर करपली. "वेड लागलंय का तुम्हाला? कोणी दिले? तुम्ही खाल्लेत?"

"नाही, नाही! वास आला नुसता," असं म्हणून चौबळ पलंगावर जाऊन पडले. त्यांना सगळं कळलं होतं. म्हणजे अर्धं कळलं होतं. अडीच आठवडे आपण राखणदाराचं ताट खातोय! तो तिथे उपाशी उभा असतो आणि आपण त्याच्या पुढ्यात बसून कुर्ल्या फोडतो! उशीत तोंड खुपसून त्यांनी मोजलं: पापलेट एक, कोलंबी तीन वेळा, अंडी अकरा. या माणसाच्या एका हाडाला आधीच चीर होती, आणि आता एक खवळलेला राखणदार बाकीच्यांची मोजदाद करणार होता.

मार्गशीर्षातली अमावस्या उजाडली. चौबळांनी ठरवलं की आज ऊन नाही, आज माफी. देवघरातला नारळ लपवून घेतला, नेहमीसारखा पंचा गुंडाळला, बारा पायऱ्या चढले आणि टाकीकडे तोंड करून उभे राहिले. "महाराज," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चूक झाली. वास अनावर झाला."

मागे दार करकरलं.

चौबळ वळले. सावकाश. दारातून माणसं येत होती. दहा, वीस, तीस. सगळ्यांच्या माना खाली, कोणी वर बघत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. पुढे कृष्णाबाई, डोईवर टोपली. मागे काशीराम, काखेत कोंबडा. कोंबडासुद्धा गप्प होता. चोर पकडायला गाव आलं! चौबळांनी मान वळवून वाट शोधली आणि त्यांचं रक्त थिजलं.

सोलरच्या काळ्या काचेत तो उभा होता.

तोंड नव्हतं. नुसता पांढरा गोळा, डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. उघडं अंग तेलानं चमकत होतं. एका हातात दंडा आणि दुसऱ्या हातात कोणाचं तरी डोकं! चौबळांच्या तोंडून किंकाळी निघाली ती पंच्यात अडकून तिचा एक लांबलचक हुंकार झाला. त्यांनी बचावासाठी काठी उगारली. त्यानंही दंडा उगारला. त्यांनी दुसरा हात वर केला. त्यानंही डोकं वर केलं, आणि त्या डोक्याला शेंडी होती.

नारळाची.

धाडकन तीस माणसं गच्चीवर पालथी पडली. आणि चौबळांना उरलेलं अर्धं कळलं.

आता काय करावं? पंचा सोडून 'अहो मी सातशे दोनमधला चौबळ' म्हणावं, तर देवाचं ताट अडीच आठवडे हादडणारा भामटा म्हणून लोक धरणार. धरलं की धक्काबुक्की, धक्काबुक्की झाली की पडणं, पडलं की सळई! चौबळ जागच्या जागी गोठून उभे राहिले.

"देवा," पालथ्या पडलेल्या कृष्णाबाईचा आवाज आला. "आमची चुकी झाली. तुझी जागा गेली न् आमी गप ऱ्हायलो. तू का उठलास? काशीराम रोज ताट ठेवून जातो, तरी तुला काय कमी पडला? एकदा सांग."

टाकीत एक थेंब पडला. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरंच तेवढं निघतं.

"हाडं..." पंच्यातून घुमल्यासारखा आवाज आला, "हाडं दुखतात..."

गर्दीतून एक थंड लाट गेली. कृष्णाबाई मात्र हलली नाही. ती अगदी हळू म्हणाली, "आमची पन दुखतात रं देवा."

मागून आणखी एक आवाज आला. "माझी कंबर रातभर दुखते." तिसरा म्हणाला, "गुडघं हलत नाय."

"शेतं व्हती तवा दिसभर उन्हातच असायचो," कृष्णाबाई बोलत होती. "मिठागरात पाय भाजायचं, पन कदी दुखला नाय. आता मोठी घरं झाली. दिसभर आत, पंख्याखाली. माझी जाऊ मालू, चुलीवर पन्नास मानसांचा रांधायची. न्हाणीत एवढीशी घसरली न् उठलीच नाय. मना पन भ्या वाटतं. रोज वाटतं, आज मी पडनार."

हीच भीती चौबळ स्वतः महिनाभर उशाशी घेऊन झोपत होते, आणि रस्त्यापलीकडे ही म्हातारी तीच घेऊन झोपत होती. राखणदार असो की चौबळ, आता गप्प बसून चालणार नव्हतं.

"उन्हात बसा," ते घुमले. "अकरा ते एक. हात-पाय उघडे. काचेतून नाही!"

"व्हय देवा!"

"आणि... रंजिता घरतकडे जा. रक्त तपासा. ती सांगेल ते ऐका. ती देईल ते घ्या!"

"आपल्या गावच्या बाळारामाची पोर, रंजिता?" काशीराम दचकून म्हणाला.

"हो! आणि मला ताट नको आता. माझं पोट भरलं. मागे वळून न बघता जा." इथे ते क्षणभर थांबले. "कोंबडा... कोंबडाही घेऊन जा."

हे शेवटचं वाक्य बोलताना राखणदाराचा आवाज खरोखरीच भरून आला होता.

त्यानंतर दीड महिना पनवेलमध्ये जे घडलं ते डॉक्टर रंजिता आजही सांगतात. अख्खं गाव दवाखान्यात रांग लावून उभं! ज्यांच्या मागे त्या चार वर्षं 'तपासून घ्या' म्हणून लागल्या होत्या, त्या बाया कोपरापर्यंत बाह्या सारून रक्त द्यायला तयार! समोरच्या गच्च्यांवर अकराला खुर्च्या मांडल्या जायला लागल्या.

चौबळांची फेरतपासणीची तारीख आली तेव्हा ते ऐटीत गेले. दीड महिना एक दिवस न चुकवता उन्हात बसले होते, आता फक्त पंचा न गुंडाळता, टाकीच्या आडोशाला. शेजारच्या बाकावर कृष्णाबाई बसली होती.

"माझा चौतीस आला!" ती प्रमिलाबाईंना कौतुकानं सांगत होती. "पुडी एकपन चुकवली नाय. देवानं सांगितला, ती देईल ते घ्या."

चौबळांचे नऊ आले होते.

"नऊ?" डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "रेघही तशीच आहे. पुड्या घेताय ना?"

चौबळांनी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघितलं.

"एकही नाही घेतली," प्रमिलाबाईंनी खडखडीत सांगितलं. "नुसतं ऊन!"

कृष्णाबाईला भारी वाईट वाटलं. तिनं चौबळांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "साहेब, तुमी राखणदाराला का नाय विचारीत? तुमच्याच डोक्यावर तं ऱ्हातो. एक ताट ठेवा. फार दयाळू हाय."

झालं! प्रमिलाबाईंनी हाड जुळेपर्यंत घरात मासे नाहीत असं व्रत वाढवलंच, पण देवासाठी म्हणून दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या हातानं बांगडे तळले. आले-लसणीचं वाटण, तांदळाच्या पिठीत घोळवून, कडेला कुरकुरीत.

"वर ठेवून हात जोडा," त्या म्हणाल्या. "आणि खबरदार! हे देवाचं आहे. शिवायचंसुद्धा नाही!"

म्हणजे बघा! परक्यांनी आणलेलं देवाचं ताट बिनघोर खाल्लं, आणि स्वतःच्या बायकोनं तळलेल्या बांगड्यापुढे हात जोडून बसायची पाळी आली. गच्चीवर तीच शांतता, तोच आंधळा करणारा उजेड. चौबळांनी ताट खाली ठेवलं, खुर्चीत बसले, हात जोडले, डोळे मिटले. राखणदार कोण ते या जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं, त्यामुळे भीतीचं काही कारण नव्हतं. वासानं मात्र जीव कासावीस झाला. ऊन चढत गेलं.

डोळे उघडले तेव्हा ताट रिकामं होतं.

कावळा? कावळा ताट उधळून टाकतो. मांजर? मांजर काटे ठेवत नाही. इथे बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला ओळीत मांडलेले होते. मोठे एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला, एकेक चोखून पांढरा केलेला. दाराला गच्चीच्या बाजूनं त्यांनीच लावलेली कडी तशीच होती. गावात कुठेतरी एक खिडकी लागली.

चौबळांच्या तोंडाला खारट चव आली होती. भीतीनं येते म्हणतात. म्हणजे तो आहे! खरा! ज्याच्या नावानं आपण हुकूम सोडले, तो इथेच आहे, आणि त्याला आपला राग आलेला असणार. 'ती देईल ते घ्या' असं त्याच्या तोंडून आपण बोललो आणि स्वतः एक पुडी घेतली नाही!

बारा पायऱ्या उतरायला त्या दिवशी पंधरा मिनिटं लागली.

"प्रमिला, पुडी आण."

"आत्ता?"

"आत्ता! दुधातून."

भिंतीला धरून, उभ्या उभ्या, त्यांनी पेला एका घोटात रिता केला. त्यानंतर एक आठवडा चुकला नाही. वैशाखात तपासणी झाली तेव्हा आकडा तेहेतीस होता आणि हाडावरची रेघ गेली होती. प्रमिलाबाईंनी व्रत सोडलं. त्या दिवशी दोघं समोरासमोर जेवायला बसली, मध्ये बांगडे. चौबळ मान खाली घालून खात होते आणि प्रमिलाबाई त्यांच्या ताटाकडे बघून हसत होत्या.

"काय झालं?"

"काही नाही. ती तुमची सवय! तीस वर्षं बघतेय. काटे असे ओळीत मांडायचे, मोठे इकडे, बारीक तिकडे, ऑफिसात कागद लावतात तसे. झोपेत जेवलात तरी असेच मांडाल!"

चौबळांचा घास हातात राहिला. त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मग पुन्हा ताटाकडे.

"हे डॉक्टरांना सांगू नकोस," ते शेवटी म्हणाले, "आणि दूध गरम कर. आज पुडीचा वार आहे."